‘लाव रे तो व्हिडिओ’ : पक्षधर चित्रफीत, पुरावा आणि निवेदकाची पत

१

एप्रिल २०१९ मध्ये, सतराव्या लोकसभेच्या निवडणुकीच्या प्रचारात, महाराष्ट्रात एक अनपेक्षित प्रयोग झाला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने त्या निवडणुकीत एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरीही पक्षाचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी गुढीपाडव्याच्या शिवाजी पार्कवरील सभेनंतर नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, सातारा, पुणे, महाड, मुंबई, पनवेल आणि नाशिक येथे सभा घेतल्या. या सभांचा विषय एकच होता : पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष अमित शहा यांच्या शब्दावर मतदारांनी विश्वास ठेवू नये. व्यासपीठावर वक्त्याइतकेच महत्त्व मोठ्या पडद्याला होते. वक्ता एखादे विधान करी, क्षणभर थांबे आणि पडद्यामागच्या सहकाऱ्याला सांगे, ‘लाव रे तो व्हिडिओ’. पडद्यावर त्याच नेत्यांची जुनी भाषणे, सरकारी जाहिराती, वृत्तवाहिन्यांची दृश्ये उमटत. चित्रफीत संपली की वक्ता पुन्हा बोलू लागे. पाहता पाहता ते तीन-चार शब्द मराठीत वाक्प्रचारासारखे रूढ झाले आणि आजही कुणाच्या बोलण्यातली विसंगती दाखवायची असली की ते सहज ओठांवर येतात.

या सभांची चर्चा त्या काळात प्रामुख्याने राजकीय अंगाने झाली. मतांचे विभाजन होईल काय, लाभ कोणाला मिळेल, हेच प्रश्न पुढे राहिले. पण हा प्रयोग एक संहिताही होता आणि तिचा विचार राजकीय माहितीपटाच्या, विशेषतः एखाद्या नेत्याची विश्वासार्हता नष्ट करण्यासाठी रचलेल्या पक्षधर माहितीपटाच्या परंपरेत व्हायला हवा. अशा संहितेत दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे पडद्यावरचा पुरावा आणि दुसरी म्हणजे तो पुरावा पुढे करणाऱ्या निवेदकाची पत. प्रेक्षक दोहोंचा एकत्रितच स्वीकार करतो किंवा दोहोंना एकत्रितच नाकारतो. समीक्षेला मात्र ही दोन खाती वेगळी मांडावी लागतात. ती वेगळी मांडली नाहीत तर निवेदकाने बाजू बदलताच पुरावाही खोटा ठरल्यासारखे वाटू लागते, आणि ज्यांच्या वतीने तो पुरावा मांडला गेला होता त्यांचा प्रश्न निराधार होतो.

२

पडद्यावर चित्र आणि शेजारी जिवंत निवेदक ही रचना मराठी मुलखाला नवी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील चित्रे एकामागून एक पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले आहेत. चित्र स्थिर असते. त्याला काळ, क्रम आणि हेतू देतो तो कथी. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे दीपदर्शन सुरू केले, तेव्हाही पडद्यावरच्या प्रतिमांना निवेदनाची आणि संगीताची जोड होती. कीर्तनातील दृष्टान्ताचे कार्यही याच जातीचे आहे. बुवा सिद्धान्त मांडतात, तो श्रोत्यांच्या मनात अर्धवट ठरतो, आणि मग दृष्टान्त येऊन तो पक्का करतो. राज ठाकरे यांच्या सभांमध्ये चित्रफीत दृष्टान्ताच्या जागी येते. विधान आधी, चित्र नंतर, आणि चित्रानंतर विधानाची पुनरुक्ती, हा क्रम श्रोत्यांच्या कानाला परिचित होता. म्हणूनच तंत्र नवे असूनही प्रयोग परका वाटला नाही.

दुसरी परंपरा व्यंगचित्राची आहे. बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ सुरू केले. श्रीकांत ठाकरे यांचे चिरंजीव राज हे स्वतः व्यंगचित्रकार आहेत. व्यंगचित्रकाराचे मुख्य साधन अतिशयोक्ती हे होय. तो नाक लांबवतो, पोट वाढवतो, आणि वाचक ती वाढ वाढ म्हणूनच पाहतो. चित्रातले नाक मोजून कोणी त्याला खोटे ठरवीत नाही. चित्रफितीत ही सोय नसते. पडद्यावरचा नेता आपल्याच चेहऱ्याने, आपल्याच आवाजात बोलत असतो. तेथे अतिशयोक्तीची जागा शेजारणी घेते : एका वर्षीचे भाषण दुसऱ्या वर्षीच्या भाषणाशेजारी ठेवायचे आणि मधल्या फटीतून हास्य निर्माण करायचे. व्यंगचित्र वाकवते आणि तसे कबूलही करते. चित्रफीत काही वाकवत नाही असा तिचा दावा असतो. पण निवड, कापणी आणि क्रम या तिन्ही क्रियांत हात असतोच. व्यंगचित्रकाराचा हात रेषेत दिसतो, संकलकाचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. पक्षधर चित्रफितीचे सामर्थ्य आणि तिचा धोका दोन्ही या न दिसणाऱ्या हातात आहेत.

या सभांतील पुरावा स्थूलमानाने तीन प्रकारचा होता. पहिला प्रकार स्वोक्तिविरोधाचा : नेत्याचे जुने वक्तव्य विरुद्ध नवे वक्तव्य, किंवा वचन विरुद्ध वर्तन. दुसरा प्रकार जाहिरात आणि स्थळ यांच्या विरोधाचा. तिसरा प्रकार साक्षीदाराचा. हरिसालच्या प्रकरणात दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्र आले, आणि म्हणूनच ते प्रकरण या संपूर्ण प्रयोगाचे मर्म ठरले. हरिसाल हे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातले आदिवासी वस्तीचे गाव. तत्कालीन राज्य सरकारने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने ते ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले होते आणि त्याची जाहिरातही झाली होती. मनसेने त्या गावात कॅमेरा नेला, तेथील सुविधांची दुरवस्था दाखविली, आणि सोलापूरच्या सभेत जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच व्यासपीठावर उभे केले. पुढे मुंबईतील काळाचौकीच्या सभेत, समाजमाध्यमांवरील प्रचारात योजनांचे लाभार्थी म्हणून ज्यांचे छायाचित्र वापरले गेले होते असे एक कुटुंबही याच रीतीने लोकांसमोर आणले गेले.

प्रतिमेतला माणूस प्रतिमेबाहेर येऊन उभा राहतो, हा क्षण नाट्यदृष्ट्या विलक्षण आहे. जाहिरातीत तो माणूस ‘लाभार्थी’ नावाचा नमुना होता; व्यासपीठावर त्याला देह मिळाला. पण समीक्षकाने येथे एक प्रश्न विचारायलाच हवा. जाहिरातीने त्याला एका बाजूचा नमुना केले होते. सभेने त्याला दुसऱ्या बाजूचा नमुना केले काय? साक्ष आणि प्रदर्शन यांतील अंतर फार थोडे असते. साक्षीदाराला आपले म्हणणे आपल्या गतीने मांडण्याची, प्रसंगी निवेदकाशी असहमत होण्याची मुभा असेल तर ती साक्ष होय. त्याचे उभे राहणे हेच त्याचे सारे म्हणणे असेल तर ते प्रदर्शन होय. सोलापूरच्या त्या दृश्यात दोन्हींचे मिश्रण आहे, आणि त्याचा परिणाम प्रामुख्याने त्याच्या उभे राहण्यातूनच साधला गेला आहे.

३

नेत्याला बदनाम करणाऱ्या चित्रफितीचा अमेरिकेतील एक बहुचर्चित नमुना येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. ‘द क्लिंटन क्रॉनिकल्स’ ही १९९४ मधील चित्रफीत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर आर्थिक गैरव्यवहारापासून अमली पदार्थांच्या तस्करीपर्यंत आणि संशयास्पद मृत्यूंपर्यंत गंभीर आरोप करीत होती. कॅसेटच्या रूपाने तिचा मोठा प्रसार झाला, आणि धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी दूरचित्रवाणीवरून तिची जाहिरात केली. त्या जाहिरातीत चेहरा अंधारात ठेवलेला एक ‘शोधपत्रकार’ आपल्या जिवाला धोका असल्याचे सांगत असे. ती छायाकृती म्हणजे प्रत्यक्षात चित्रफितीचे निर्माते पॅट्रिक मॅट्रिशियाना होते, हे पुढे उघड झाले. चित्रफितीतील एक प्रमुख आरोपकर्ता लॅरी निकोल्स हा आर्कान्सा राज्याच्या सेवेतून दूर केलेला माणूस होता. साक्षीदाराला चेहरा नाही, आरोपकर्त्याचे वैर प्रेक्षकांपुढे ठळकपणे मांडलेले नाही, आणि खुनासारखा आरोप केवळ सूचनेवर सोडून दिलेला, ही या संहितेची लक्षणे आहेत. क्लिंटन १९९६ मध्ये पुन्हा निवडून आले. तरीही त्या फितीने पसरविलेले संशय नाहीसे झाले नाहीत. न सिद्ध झालेल्या आरोपाला न संपण्याची जी शक्ती असते तिचे हे उदाहरण आहे.

याउलट मायकल मूर यांचा ‘फॅरनहाइट ९/११’ हा २००४ मधील माहितीपट उघडपणे जॉर्ज बुश यांच्या विरोधात होता. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दुसऱ्या मनोऱ्यावर विमान आदळल्याचे कानात सांगितल्यानंतरही फ्लोरिडातील शाळेच्या वर्गात काही मिनिटे बसून राहिलेले बुश या चित्रपटात दिसतात. दृश्य खरे आहे. परंतु त्या निःशब्द मिनिटांत बुश यांच्या मनात काय चालले असेल, हे मूर यांचा आवाज सांगतो. पुरावा जेथे मूक होतो तेथे निवेदक बोलू लागतो, आणि प्रेक्षकाला दोहोंमधला सांधा जाणवत नाही. मूर यांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की त्यांचा चेहरा, त्यांचा आवाज आणि त्यांचा पक्ष प्रेक्षकापासून लपलेला नाही. बुश नोव्हेंबर २००४ मध्ये पुन्हा निवडून आले, ही बाब त्या माहितीपटाच्या मूल्यमापनात गैरलागू आहे. निवडणुकीचा निकाल हा संहितेचा निकाल नव्हे.

भारतात, आणि विशेषतः मुंबईत, पक्षधर माहितीपटाचा विचार आनंद पटवर्धन यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. बिहारमधील जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावरील ‘क्रांति की तरंगें’, राजकीय कैद्यांवरील ‘प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स’, १९९२ मधील ‘राम के नाम’, २०११ मधील ‘जय भीम कॉम्रेड’ आणि २०१८ मधील ‘विवेक’ ही त्यांची वाटचाल तटस्थतेचा आव न आणणारी आहे. ‘राम के नाम’ दूरदर्शनवर दाखविला जाण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला सुमारे चौदा वर्षे लागली. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. तेथून सुरू झालेला हा चित्रपट त्याच माणसांकडे, त्याच वस्त्यांकडे पुन्हा पुन्हा परततो. सत्ताधाऱ्यांची वक्तव्ये त्यातही आहेत, विसंगतीतून निर्माण होणारा उपरोधही आहे. परंतु नेत्याला खाली खेचणे हे त्याचे प्रयोजन नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची बाजू इतिहासात नोंदविणे हे आहे. नेता पायउतार झाला किंवा पुन्हा निवडून आला तरी हा चित्रपट शिळा होत नाही, कारण त्याच्या केंद्रस्थानी नेता नाहीच.

या तीन नमुन्यांवरून एक कसोटी हाती येते. पक्षधर असणे हा माहितीपटाचा दोष नव्हे. साक्षीदाराला चेहरा आहे काय, निवेदकाने आपले हितसंबंध आणि आपला पूर्वेतिहास प्रेक्षकापुढे ठेवला आहे काय, पुरावा मूक होतो तेथे निवेदन संयम पाळते काय, आणि ज्या माणसांच्या नावाने आरोप केला त्यांच्याकडे संहिता परत जाते काय, हे चार प्रश्न विचारले म्हणजे प्रामाणिक पक्षधरता आणि निव्वळ बदनामी यांतील सीमारेषा दिसू लागते.

४

मनसेच्या सभा मैदानापुरत्या राहिल्या नाहीत. वृत्तवाहिन्यांनी त्या थेट दाखविल्या आणि नंतर त्यांचे तुकडे भ्रमणध्वनीवरून सर्वदूर गेले. या प्रवासात संहितेचे काय होते हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेरचा मराठी प्रेक्षक डोळ्यांसमोर आणणे उपयुक्त ठरेल. बंगळूरमधील कोरमंगला ही देशभरातून नोकरी-व्यवसायासाठी आलेल्या तरुणांची, अनेक भाषा शेजारी नांदणारी वस्ती आहे. लोकसभेच्या बंगळूर दक्षिण मतदारसंघात ती मोडते, आणि तेथील मतदान १८ एप्रिल २०१९ रोजी झाले. तोवर नांदेडची आणि सोलापूरची सभा होऊन गेली होती. मुंबईतील आणि नाशिकची सभा व्हायची होती. म्हणजे कोरमंगल्यातील मराठी मतदारापर्यंत हा प्रयोग अर्धाच पोहोचला होता, आणि तोही कापलेल्या तुकड्यांच्या रूपात.

मैदानात बसलेल्या श्रोत्याला दोन-चार गोष्टी अनायासे लाभतात. वक्त्याचे थांबणे, पडदा उजळण्याआधीची कुजबुज, हशा, टाळ्या, आणि त्या हशात सामील न होणाऱ्या शेजाऱ्याचा चेहरा. तुकड्यात यांतले काहीच उरत नाही. याहूनही महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. या सभांतील निवेदन मराठीत होते. पडद्यावरचा पुरावा, म्हणजे पंतप्रधानांची भाषणे, बव्हंशी हिंदीत. सोलापूरच्या श्रोत्याला हा सांधा जाणवतही नाही, कारण दोन्ही भाषा त्याच्या कानात एकाच वेळी वस्ती करतात. कोरमंगल्यातील मराठी माणसाने तीच फीत आपल्या कन्नड किंवा तमिळ सहकाऱ्याला दाखविली, की सांधा उसवतो. सहकाऱ्याला हिंदी भाषणाचा अर्थ थोडाफार लागतो, मराठी निवेदनाचा मुळीच लागत नाही. मग दाखविणाऱ्यालाच निवेदक व्हावे लागते : हे कधीचे भाषण, आधी काय म्हटले होते, नंतर काय झाले. आणि पहिल्याच शंकेला तो अडतो, कारण भाषणाचे साल, प्रसंग, मागचापुढचा संदर्भ हे सारे निवेदकाच्या भरवशावर होते. चित्रफितीच्या अंगावर ते लिहिलेले नव्हते.

सभेत जे एकजीव भासते ते अंतरावर असे विलग होते. पुरावा किती आणि निवेदन किती, याचे माप तेथे आपोआप घेतले जाते. हरिसालच्या दृश्यांना या प्रवासात फारशी इजा होत नाही; एका गावाची अवस्था कोणत्याही भाषेत पाहता येते, आणि ती खरी की खोटी हे कोणालाही तेथे जाऊन पाहता येते. स्वोक्तिविरोधाच्या फिती मात्र दुबळ्या होतात. एखाद्या धोरणाला मुख्यमंत्री असताना विरोध करणे आणि पंतप्रधान झाल्यावर त्याचा पुरस्कार करणे यात ढोंगही असू शकते आणि मतांतरही असू शकते. दोहोंत निवड करण्याचा अधिकार सभेत वक्त्याने आपल्याकडे घेतलेला असतो. कोरमंगल्यातील प्रेक्षकाकडे तो अधिकार परत येतो, आणि त्याच क्षणी तो श्रोत्याचा वाचक होतो.

५

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रतिमांच्या राजकारणाच्या आणखी दोन घटना घडल्या. १० एप्रिलला निवडणूक आयोगाने ‘पीएम नरेंद्र मोदी’ या चरित्रपटाचे प्रदर्शन निवडणूक संपेपर्यंत रोखले. तो २४ मे रोजी, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, प्रदर्शित झाला. गौरवाचा चित्रपट अशा रीतीने थांबविता येत होता. व्यासपीठावरून सभेसभेला नव्याने जुळविल्या जाणाऱ्या चित्रफितीला मात्र प्रदर्शनाची अशी तारीखच नव्हती. भाजपच्या नेत्यांनी वेगळाच प्रश्न उपस्थित केला : उमेदवार नसलेल्या पक्षाच्या सभांचा खर्च कोणाच्या हिशेबात धरायचा? प्रश्न तांत्रिक दिसतो, पण त्याच्या मुळाशी एक खरी शंका आहे. ज्या संहितेचा लाभ एकाला मिळतो आणि जबाबदारी दुसऱ्याकडे असते, त्या संहितेचा कर्ता नेमका कोण?

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. एप्रिलच्या अखेरीस मुंबई भाजपचे तत्कालीन अध्यक्ष आशिष शेलार यांनी चित्रफितींना चित्रफितींनीच उत्तर दिले. राज ठाकरे यांचे दावे एकेक करून पडद्यावर दाखवायचे आणि त्यांच्यापुढे आपली दृश्ये ठेवायची, असे या उत्तराचे स्वरूप होते. प्रतिपक्षाने शस्त्राचा आकारच उचलला होता. या देवघेवीत हरिसालची दोन रूपे तयार झाली, प्रत्येक पक्षाचे एकेक. पाहणाऱ्याने आपल्या पूर्वग्रहानुसार एक उचलले आणि दुसरे सोडले. न्यायालयात दोन विरुद्ध साक्षी आल्या म्हणजे उलटतपासणी होते. वृत्तपत्रात दोन दावे आले म्हणजे तिसरा वार्ताहर जाऊन पाहतो. दोन पडद्यांमध्ये असा तिसरा कोणी नव्हता. प्रचार संपला आणि त्या गावाकडे परत जाण्याचे प्रचारकी कारण कोणत्याच बाजूला उरले नाही. पक्षधर माहितीपट आणि पक्षीय चित्रफीत यांतला भेद येथे उघड होतो. पहिल्याचे वेळापत्रक ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांच्या जगण्यावरून ठरते, दुसरीचे निवडणूक आयोगाच्या अधिसूचनेवरून.

२३ मे रोजी निकाल लागला. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी भाजपला २३ आणि शिवसेनेला १८ जागा मिळाल्या. २०१४ मध्येही या दोन पक्षांचे आकडे नेमके हेच होते. त्यावरून प्रयोग वाया गेला असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मूर यांच्या संदर्भात जे म्हटले तेच येथेही लागू आहे. लोकांनी सभा ऐकल्या, त्यांना हसून दाद दिली, आणि मत आपल्या इतर विचारांनी दिले. यात विसंगती नाही. कीर्तनाला गेलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी विरक्त होत नाही. म्हणून दृष्टान्त खोटा ठरत नाही.

६

आता निवेदकाच्या खात्याकडे वळायला हवे. राज ठाकरे यांनी ऑगस्ट २०११ मध्ये गुजरातचा दौरा करून तत्कालीन मुख्यमंत्री मोदी यांच्या कारभाराची प्रशंसा केली होती. २०१४ च्या निवडणुकीत मोदी पंतप्रधान व्हावेत अशी त्यांची भूमिका होती. मार्च २०१८ मध्ये त्यांनी ‘मोदीमुक्त भारता’ची हाक दिली आणि २०१९ मध्ये या सभा घेतल्या. ९ एप्रिल २०२४ रोजी, पुन्हा गुढीपाडव्याच्या दिवशी आणि त्याच शिवाजी पार्कवर, त्यांनी मोदी यांना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला; १७ मे रोजी तेथेच दोघे एका व्यासपीठावर आले. जुलै २०२५ मध्ये ते उद्धव ठाकरे यांच्यासह एकत्र उभे राहिले, आणि जानेवारी २०२६ च्या मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत दोघांचे पक्ष भाजपच्या विरोधात एकत्र लढले. अशी वळणे घेणारे ते एकटे नेते नव्हेत आणि राजकारणात मतांतराला स्थान आहेच. येथे प्रश्न त्यांच्या नीतिमत्तेचा नसून त्यांनीच घडविलेल्या रूपबंधाचा आहे.

हा रूपबंध ज्या तत्त्वावर उभा होता ते तत्त्व असे : माणसाचे कालचे बोलणे त्याच्या आजच्या बोलण्याविरुद्ध साक्ष देते. हे तत्त्व एकदा सभेत प्रस्थापित केले की ते सर्वांना लागू होते, निवेदकालाही. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या पूर्वीच्या कौतुकाची तोंडी कबुली दिली होती. तथापि ती मांडणीचा गाभा झाली नाही. २०११ आणि २०१४ मधील आपली स्वतःची भाषणे सर्वप्रथम पडद्यावर लावून, आपण तेव्हा कशाला भुललो आणि आता काय पाहिले म्हणून मत बदलले, असा त्या सभांचा आरंभ झाला असता, तर प्रयोगाचे स्वरूपच पालटले असते. निवेदक आरोपी आणि साक्षीदार एकाच वेळी झाला असता. श्रोत्याला नेत्याच्या विसंगतीइतकेच मत बदलण्याच्या प्रक्रियेचे दर्शन घडले असते, आणि प्रक्रिया ही कोणत्याही लोकशाहीत विसंगतीहून मोलाची असते. तशी सुरुवात न झाल्यामुळे २०२४ मध्ये व्हायचे तेच झाले. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे शब्द मूळ वक्त्यावरच उलटले, आणि त्याच्याच जुन्या सभांच्या फिती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून फिरू लागल्या.

यात मौज वाटणे साहजिक आहे. मात्र ही मौज एक फसवणूकही करते. वक्त्याचे नाणे उलटले की त्याने दाखविलेले सारेच खोटे होते, अशी समजूत नकळत रुजते. हरिसालच्या सुविधांचे काय झाले, हा प्रश्न २०१९ मध्ये खरा असेल तर तो २०२४ मध्ये विचारणारा दुसऱ्या व्यासपीठावर गेला म्हणून खोटा होत नाही. आणि २०१९ मध्ये तो अतिरंजित असेल तर विचारणाऱ्याच्या तेव्हाच्या आवेशाने तो खरा होत नाही. त्याचे उत्तर मेळघाटात आहे, शिवाजी पार्कवर नाही. आरोपाचा दर्जा आरोप करणाऱ्याच्या निष्ठेवरून ठरविण्याची सवय समाजाला लागली, की प्रत्येक घोटाळ्याचे भवितव्य एका राजकीय समझोत्यावर अवलंबून राहते. समझोता झाला, घोटाळा संपला. समझोता मोडला, घोटाळा परतला. अशा समाजात सत्ताधाऱ्यांना पुरावे खोडून काढण्याचे श्रम करावे लागत नाहीत, निवेदकाला आपल्या बाजूला आणले म्हणजे पुरते.

मार्च २००१ मध्ये ‘तहलका’ने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफिती जाहीर केल्या, तेव्हा त्यांच्या हेतूवर आणि पद्धतीवर बरीच टीका झाली. ती टीका सर्वस्वी अनाठायी नव्हती. परंतु भाजपचे तत्कालीन अध्यक्ष बंगारू लक्ष्मण पैसे स्वीकारताना दिसणाऱ्या चित्रफितीची स्वतंत्र तपासणी झाली आणि एप्रिल २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. चित्रफीत बनविणाऱ्यांच्या हेतूचा वाद आणि चित्रफितीतील कृतीचा निवाडा हे दोन वेगळे मार्ग त्या प्रकरणात तरी वेगळे राहिले. अकरा वर्षे लागली, तरी पुराव्याला निवेदकावाचून उभे राहता आले. २०१९ च्या फितींच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. त्यांना टाळ्या मिळाल्या, प्रत्युत्तर मिळाले. तपासणी मिळाली नाही.

पक्षधर राजकीय चित्रफितीच्या समीक्षेचे काम म्हणूनच कलात्मकतेच्या निवाड्याशी संपत नाही. ती किती परिणामकारक आहे, हे सांगणे सोपे. परिणाम तर छायाकृतीच्या साक्षीदारानेही साधला होता. पडद्यावर काय होते आणि व्यासपीठावरून काय सांगितले गेले, हे वेगळे करून नोंदविणे, कोणत्या विधानाला संदर्भ होता आणि कोणत्याला नव्हता ते दाखविणे, आणि ज्या माणसांना नमुना म्हणून उभे केले गेले त्यांचा प्रश्न अनुत्तरित असेल तर तो अनुत्तरित म्हणूनच जपून ठेवणे, हे काम कोणत्याही पक्षाकडून होणारे नाही. चित्रकथी आपली पोथी बांधून पुढच्या गावी निघून जातो, तो त्याच्या व्यवसायाचा धर्मच आहे. चित्रातली माणसे मात्र ज्या गावची असतात तेथेच राहतात. त्यांच्या बाजूने पाहणारा कोणी असेल तर तो प्रेक्षकच, आणि त्याला ती नजर देणे एवढेच समीक्षेच्या हाती आहे.